भावोजींचे शिवशिवणारे हात

आमच्या भावोजींच्या हातात एखादी वस्तू गेली की ती दुरुस्त होऊनच परत येते. मिक्सर असो, मुलांची सायकल असो, नाहीतर शेजारच्यांचं दाराचं कुलूप. तक्रारीला जागाच नाही. फक्त ज्याची वस्तू असते, त्याला ती कशी दुरुस्त झाली हे कधीच कळत नाही. "झालं," म्हणतात आणि फडक्याला हात पुसतात.

माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, रुग्णालयात नर्स आहे. ती म्हणते, "आमच्याकडे टीव्हीचा रिमोट माझ्या हातात पाच सेकंदसुद्धा राहत नाही. मी बटण शोधतेय तोवर हे ओढून घेतात आणि वर विचारतात, हेच बघायचं होतं ना? आणि वहिनी, खरंच तेच बघायचं असतं. त्याचाच जास्त राग येतो."

एकोणीस वर्षं भावोजींनी एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिले. तिथेही म्हणे हेच. कुणाचं काही अडलं की हे त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन उभे राहणार, "जरा सरक" म्हणणार आणि दहा मिनिटांत काम संपवून टाकणार. मग त्यांच्या विभागाचं काम दुसरीकडे गेलं, विभाग बंद झाला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी भावोजी घरी बसले. दोन महिन्यांत घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. तिसऱ्या महिन्यात ते न बिघडलेल्या वस्तू उघडायला लागले, तेव्हा जाऊबाई घाबरली आणि तिने वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंकडे शब्द टाकला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. एका भिंतीला जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे, दुसऱ्या भिंतीला कुणीतरी देणगी दिलेले संगणक. पंखा तीनवर ठेवला तर कागद उडतात, दोनवर ठेवला तर माणसं उकडतात. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे वर्गात अधूनमधून कुणाच्या तरी ट्यूबमधली हवा गेल्याचा आवाज येतो. या खोलीत शनिवार-रविवारी दुपारी तीन ते पाच, ज्यांनी आयुष्यात कधी प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नाही अशांना वेबची पानं बनवायला शिकवायचं, असं ठरलं.

पहिल्या तुकडीत सहा जण होते. तीन महिन्यांत सहा सुंदर पानं तयार झाली. ग्रंथपालबाईंनी ती खालच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवली, टाळ्या पडल्या. तुकडीतल्या एका मुलीला त्या पानाच्या जोरावर एका छोट्या ऑफिसात नोकरीसुद्धा लागली. भावोजींची छाती चार बोटं फुगली.

आठवड्याभरात ती मुलगी परत आली. वर्ग सुटला होता, मी भावोजींचा राहिलेला चष्मा द्यायला वर गेले होते. ती दारातच उभी राहिली.

"सर, तिथे मला म्हणाले, तुझ्या पानासारखंच अजून एक पान कर. मी दोन दिवस बसले. नाही आलं."

"अगं, मग फोन करायचा ना! मी करून दिलं असतं."

"तेच तर, सर," ती म्हणाली.

ती रागावली नव्हती, रडलीही नव्हती. "ते पान माझं नव्हतंच ना," एवढं म्हणाली आणि जिना उतरून गेली. भावोजी कितीतरी वेळ संगणक बंद करत राहिले. ते आधीच बंद झालेले होते.

गोष्ट ग्रंथपालबाईंच्या कानावर गेली. बाई कमी बोलतात, पण बोलल्या की खोडता येत नाही. म्हणाल्या, "अजून एक तुकडी घ्या. शेवटच्या दिवशी मी स्वतः विद्यार्थ्याशेजारी बसून पान वापरून बघणार. तुम्ही मागच्या बाकावर बसायचं. त्या तीन महिन्यांत किंवा त्या दिवशी एकदा जरी तुम्ही दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावला असं कळलं, तर खोली परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना देईन. ती मुलं वर्षभर मागे लागली आहेत." आणखी एक अट होती, किमान आठ नावं हवीत.

त्या संध्याकाळी भावोजी आमच्याकडे आले. मी शेंगा सोलत बसले होते. समोर बसले, चार शेंगा माझ्या ताटलीतून घेतल्या, माझ्या दुप्पट वेगाने सोलल्या आणि मग एकदम हात मागे घेतले.

"वहिनी, मुलांना बुटाची नाडी बांधायला तुम्ही कसं शिकवलंत?"

"शिकवलं कुठे? दाराशी उभी राहिले."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांच्या हातातून नाडी घ्यायची नाही, एवढंच. शाळेला आठ दिवस उशीर झाला. रोज बाईंची चिठ्ठी यायची. मी दुसरीकडे बघत उभी राहायचे, कारण बघितलं की राहवत नाही."

"आठ दिवस?"

"मोठ्याचे आठ. धाकट्याचे सोळा."

जाताना म्हणाले, "आठवं नाव तुमचं घालतो. सातच मिळालीत." मी काही म्हणायच्या आत चपला घालून गेलेसुद्धा. अशी मी त्या वर्गात गेले आणि सगळ्यात मागे, दाराजवळच्या संगणकावर बसून हे सगळं पाहिलं.

पहिल्याच दिवशी भावोजींनी सांगितलं, भाषेचं नाव रुबी आणि तिच्यावर चालणारं एक छोटंसं साधन आहे, त्याचं नाव सिनात्रा. "मोठी साधनं पण आहेत," ते म्हणाले, "पण ती म्हणजे पन्नास खोल्यांचा बंगला. पाहुण्याला पाणी हवंय आणि आपण अजून स्वयंपाकघर शोधतोय. हे एका खोलीचं घर आहे. दार उघडलं की सगळं समोर."

खरंच पाच ओळींत झालं. 'गेट' लिहायचं, म्हणजे कुणीतरी काहीतरी मागतंय. पुढे पत्ता, म्हणजे काय मागतंय. मग 'डू', मधल्या ओळीत उत्तर आणि शेवटी 'एण्ड'. फाइल चालू केली, ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि पडद्यावर आम्ही लिहिलेलं वाक्य आलं. माझ्या पुढच्या बाकावर निवृत्त बसड्रायव्हर होते, त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. त्यांनी उत्तराच्या जागी लिहिलं होतं, "पुढे सरका, मागे जागा आहे." ते पडद्यावर उमटल्यावर त्यांनी पाच वेळा पान पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. म्हणाले, "तीस वर्षं हेच ओरडत होतो. पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं."

बाकी सगळं मात्र इतकं सोपं नव्हतं. म्हणजे आम्हाला नव्हतं आणि भावोजींना तर नव्हतंच.

वर्गात दातांच्या डॉक्टरांकडे बावीस वर्षं रिसेप्शनवर काम करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांना आम्ही काउंटरताई म्हणायचो. दुसऱ्या शनिवारी त्यांच्या फाइलीत कुठेतरी एक 'एण्ड' लिहायचा राहिला. पडद्यावर लाल अक्षरं आली. त्यांनी भीतीने पान बंदच करून टाकलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लाल, पुन्हा बंद. भावोजी त्यांच्या मागे उभे होते. तिथून त्यांना ती ओळ दिसत होती, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. उजवा हात उठला. खुर्चीच्या पाठीपर्यंत आला. तिथून परत गेला आणि त्यांनी तो डाव्या काखेत दाबून धरला.

"सर, दोरी आणू का बांधायला?" ड्रायव्हरकाका म्हणाले.

"आणा," भावोजी म्हणाले. हसले नाहीत. मग काउंटरताईंना म्हणाले, "बंद नका करू. काय आलंय ते मोठ्याने वाचा."

"इंग्रजी आहे हो."

"असू दे. अक्षरं वाचा. आकडा आहे का एखादा?"

"चौदा."

"झालं की. चौदाव्या ओळीच्या आसपास कुठेतरी गडबड आहे असं ते म्हणतंय. तुमच्यावर ओरडत नाहीये, पत्ता सांगतंय."

आणि ते जाऊन खिडकीत उभे राहिले, सायकलचं चाक फिरताना बघत. काउंटरताईंना चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटांत भावोजींनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पण त्यांची बोटं खिडकीच्या चौकटीवर कीबोर्ड वाजवत होती. "सापडला!" असं ताई ओरडल्या तेव्हा खालचा सायकलवालासुद्धा वर बघायला लागला.

तेव्हापासून वर्गाचा रिवाजच पडला. कुणाचं अडलं की सगळा वर्ग म्हणायचा, "मोठ्याने वाचा!" सर खिडकीत जायचे. महिन्याभराने जाऊबाई मला म्हणाली, "वहिनी, काय जादू केलीत? काल रिमोट माझ्याकडे होता. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण रिमोट माझ्याकडे होता."

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक गोष्ट फळ्यावर लिहून समजावली होती. सिनात्रा फाइल वरून खाली बघत येतं. जी पहिली ओळ मागणीशी जुळते, ती उत्तर देते. तिच्या खालच्यांना कुणी विचारतसुद्धा नाही. आम्ही वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली.

काउंटरताईंनी शेवटच्या दिवसासाठी वाचनालयाचंच काम घेतलं. बाहेर गेलेलं पुस्तक आपल्यासाठी राखून ठेवायचं असेल तर लोक खाली येऊन चिठ्ठी टाकतात आणि चिठ्ठ्या हरवतात. त्याचं पान करायचं. पुस्तकाच्या नावावर गेलं की त्याची माहिती, खाली "राखून ठेवा" असं बटण, बटण दाबलं की कुणी काय राखलं त्याची यादी, तिचा पत्ताही 'यादी' असाच. पुस्तकं शेकडो, प्रत्येकाला वेगळी ओळ कुठे लिहीत बसणार? म्हणून एकच ओळ, जिच्यात पत्त्याच्या जागी काहीही आलं तरी ती ते पुस्तकाचं नाव समजून शोधते आणि नाही सापडलं तर तसं सांगते. आम्ही तिला 'कुणीही ओळ' म्हणायचो. ताईंचं सगळं चालत होतं. आम्ही सगळ्यांनी वापरून बघितलं होतं.

शेवटच्या शनिवारी ग्रंथपालबाई बरोबर तीनला वर आल्या. भावोजी माझ्या शेजारी, मागच्या बाकावर. जाऊबाईने इस्त्री करून दिलेला शर्ट घातला होता आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन त्यांवर बसले होते.

बाईंनी स्वतः एक पुस्तक शोधलं. माहिती आली. "छान," म्हणाल्या. स्वतःचं नाव टाकलं, "राखून ठेवा" दाबलं.

पडद्यावर आलं, "यादी या नावाचं पुस्तक आपल्याकडे नाही."

खाली कुणाची तरी सायकल स्टँडवरून पडली तेवढाच आवाज.

"मी पुस्तक राखलं," बाई म्हणाल्या, "आणि हे मला भलतंच काहीतरी सांगतंय."

"काल चालत होतं हो," काउंटरताईंचा चेहरा उतरला. "काल तर मी फक्त घरी बसून जरा आवरलं. सगळं नीट लावलं."

आवरलं हा शब्द ऐकला आणि माझ्या शेजारी भावोजींनी डोळे मिटले. त्यांना कळलं होतं. ताईंनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"सर."

भावोजी तसेच हातांवर बसून.

"सर, एकदा सांगा ना."

पाच मिनिटं गेली असतील. बाईंनी घड्याळ पाहिलं. मग जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बाईच मागे वळल्या आणि त्यांचा आवाज मऊ झाला होता. "सर, या तुम्ही. बघा काय ते. मी मोजत नाही हे. तीन महिने तुम्ही कसे राहिलात ते खालून ऐकलंय मी."

भावोजी अर्धे उठले. खरं सांगते, मला वाटलं, गेले आता. दहा सेकंदांचं काम होतं, परवानगी होती, खोली वाचत होती, ताई रडकुंडीला आल्या होत्या. कुणीही उठलं असतं.

ते पुन्हा बसले.

"नको बाई," ते म्हणाले. "मी उठलो तर पान चालेल. पण ते यांचं राहणार नाही." मग काउंटरताईंकडे न बघता, समोरच्या गठ्ठ्यांकडे बघत म्हणाले, "ताई, पडद्यावर काय आलंय ते मोठ्याने वाचा."

"वाचलं की सगळ्यांनी!"

"तुम्ही वाचा."

ताईंनी डोळे पुसले आणि वाचलं, "यादी या नावाचं पुस्तक आपल्याकडे नाही." थांबल्या. परत वाचलं, हळू. "हे... हे वाक्य मीच लिहिलंय."

"तुम्हीच तर लिहिलंय सगळं," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"तसं नाही हो काका. हे वाक्य यादीच्या ओळीत नाहीये. हे कुणीही ओळीतलं वाक्य आहे. मी यादी मागितली आणि उत्तर तिने दिलं." त्यांनी फाइल उघडली. कुणीही ओळ सगळ्यात वर, अगदी पहिल्या जागी, व्यवस्थित बसली होती. "मीच हिला काल वर नेली."

"का पण?" बाईंनी विचारलं.

"अहो, बावीस वर्षं हेच केलंय ना! कुणीही येवो, आधी काउंटर. काउंटर मागे ठेवून चालतं का? म्हणून म्हटलं, हिला दारातच बसवू." आणि मग त्या स्वतःच बोलता बोलता थांबल्या. "पण आमच्याकडेसुद्धा... लॅबवाला कवळ्यांचा डबा घेऊन आला तर त्याला मी पेशंट समजून नाव विचारत नाही. तो सरळ आत जातो. ओळखीचे आधी सोडायचे, मग उरलेल्यांना विचारायचं, कोण आपण म्हणून."

त्यांनी त्या ओळी निवडल्या, कापल्या, सगळ्यात खाली नेऊन ठेवल्या. जतन केलं. सर्व्हर, म्हणजे ती फाइल चालवणारा प्रोग्रॅम, थांबवला, पुन्हा चालू केला. हे सगळं करताना एकही कळ चुकली नाही. यादीचा पत्ता टाकला.

यादी उघडली. कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली, कारण यादी रिकामी होती.

"मग मी राखलेलं पुस्तक कुठे गेलं?" बाई म्हणाल्या.

भावोजींनी कपाळाला हात लावला. तेवढाच हात बाहेर आला, तोही स्वतःच्याच कपाळापर्यंत.

काउंटरताई मात्र आता डगमगल्या नाहीत. सरळ बसून म्हणाल्या, "ते गेलं. सर्व्हर बंद केला ना मी, ते विसरलं. सध्या हे सगळं तोंडपाठ ठेवतं, लिहून ठेवत नाही. झोपून उठलं की कोरं. लिहून कसं ठेवायचं ते आम्हाला अजून शिकवलं नाहीये."

"म्हणजे रोज संध्याकाळी मी संगणक बंद केला की सगळ्यांनी राखलेली पुस्तकं गेली?"

"हो," ताई म्हणाल्या. लपवलं नाही, सारवासारव केली नाही.

"मग हे वापरायचं कसं मी?"

"अजून नाही वापरता यायचं, बाई. अजून तीन महिने तरी लागतील." आणि मग, ज्या आवाजात त्या क्लिनिकमध्ये लोकांना पुढची तारीख देत असतील त्याच आवाजात, "त्याला ही खोली लागेल."

ड्रायव्हरकाका खुदकन हसले. मग मला हसू आवरेना. बाईंनी हसू गिळलं, पण चष्मा काढून पुसायला घेतला, त्यावरून कळलंच. पुस्तक पुन्हा राखायला सांगितलं ताईंना. या वेळी बटण दाबल्यावर यादीत बाईंचं नाव आलं, पुस्तकाचं नाव आलं. बाईंनी ते वाचलं आणि उठल्या. दाराशी जाऊन म्हणाल्या, "चिठ्ठ्यांची पेटी तोवर राहू दे. आणि अभ्यासाच्या मुलांना मी खालचा हॉल बघते. शनिवार-रविवार वर यायचं नाही म्हणून सांगते त्यांना."

वर्ग रिकामा झाला तरी भावोजी तिथेच बसून होते. मी पर्स घेऊन उभी.

"काय झालं?"

"वहिनी, तुम्ही पाहिलीत का ती फाइल?"

"पाहिली की. मला काय कळतंय त्यातलं?"

"यादीचं काम ताईंनी एकोणीस ओळींत केलंय." त्यांनी मांडीखालून हात काढले. लाल झाले होते, बोटं चोळत होते. "सहा ओळींत होतं ते. दोन ठिकाणी तर एकच गोष्ट दोनदा लिहिलीय. नावंसुद्धा काय दिलीत, एका ठिकाणी 'पेशंट' लिहिलंय."

"मग सांगा की त्यांना."

"सांगेन. त्यांनी विचारलं तर." ते उठले, त्या संगणकापाशी गेले. फाइल अजून उघडीच होती. खाली वाकून त्यांनी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून. मग मला म्हणाले, "हा संगणक तेवढा तुम्ही बंद करा, वहिनी. कीबोर्ड त्यांचा आहे."